अग्निधनुष्याचा परवाना

खामगावात दर रविवारी दुपारी तीन वाजता प्रसेनजितच्या घरी राक्षस मारण्याचा कार्यक्रम असतो. टेबलाभोवती बसायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि गोष्ट तोंडानं पुढे न्यायची, असा हा खेळ. प्रसेनजित एरवी शाळेत विज्ञान शिकवतो, टेबलावर तो धनुर्धारी असतो. औषधांच्या दुकानातली मयुरी इथे जखमा बऱ्या करणारी वैद्य होते. उरलेलं सगळं जग, म्हणजे राजे, राक्षस, हवामान आणि सरकारी कचेऱ्या, कुलदीप एकटा चालवतो. कुलदीप एका कार्यालयात अव्वल कारकून आहे.

यंदाच्या डावात राक्षसानं धनुर्धाऱ्याचं गाव जाळलं आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला गुहेत कोंडलं. अमावास्येला तो तिला खाणार होता. या आईचं नाव प्रसेनजितनं तानाबाई ठेवलं, ते त्याच्या खऱ्या आईचं नाव. तिच्या उपचाराचं सरकारी कार्ड मंजूर होऊन आलं ते ती गेल्यावर, तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी. ते त्याला अजून गिळवत नव्हतं. निदान या तानाबाईला तरी वेळेत सोडवायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. आणि नशीब बघा, त्याला एका झाडाच्या ढोलीत अग्निधनुष्य सापडलं! एका बाणात राक्षस खलास. प्रसेनजितला आनंदानं खुर्चीत बसवेना.

"थांब न बे," कुलदीप म्हणाला. "हे प्रतिबंधित शस्त्र हाये. परवाना लागते."

नियमांच्या पुस्तकात तसं एक वाक्य होतं खरं, पान एकशे बाराच्या तळाशी. बाकीचे खेळाडू ते पान उलटून लढाईकडे जातात. कुलदीप तिथं पोचला आणि त्याला माहेरी आल्यासारखं वाटलं. अर्जाचा नमुना त्यानं तीन प्रतींत छापूनच आणला होता.

अर्जासोबत रहिवासी दाखला हवा. दाखला गावचा तलाठी देणार. आणि तलाठ्याला तर राक्षसानं गेल्याच रविवारी दप्तरासकट गिळलेलं.

"मंग आता कोणापाशी जाऊ?" प्रसेनजितनं विचारलं.

"दप्तर ज्याच्या ताब्यात, चार्ज त्याच्यापाशी," कुलदीप शांतपणे म्हणाला. "दप्तर कोणाच्या पोटात हाये?"

मयुरीनं कपाळावर हात मारला, पण नियमात खोट काढता येईना. त्या दिवसापासून राक्षस प्रभारी तलाठी झाला. अमावास्या तीन रविवारांवर होती.

पहिल्या रविवारी धनुर्धारी पाठीला धनुष्य लावून, सात डोंगर ओलांडून गुहेत पोचला. राक्षस दहा पावलांवर बसला होता. त्याच्या मागे पिंजऱ्यात तानाबाई होती. धनुर्धाऱ्यानं वाकून नमस्कार केला आणि अर्ज पुढे केला.

"सायेब जेवून राह्यले," कुलदीप राक्षसाच्या आवाजात म्हणाला. "पुढच्या हप्त्यात या."

दुसऱ्या रविवारी राक्षसानं अर्ज वाचला. 'शस्त्र कशासाठी हवे' या रकान्यात प्रसेनजितनं प्रामाणिकपणे 'आपणास ठार मारण्यासाठी' असं लिहिलं होतं. त्याबद्दल राक्षसाचं काही म्हणणं नव्हतं. अर्जदाराची सही फोटोवर आडवी आलेली नव्हती, म्हणून त्यानं अर्ज परत केला. पिंजऱ्यातल्या तानाबाईनं लेकाला हाक मारली, पण धनुर्धारी सही करण्यात गुंतला होता.

तिसऱ्या रविवारी शिक्का उठला. दाखला मिळाला, दाखल्यावर परवाना मिळाला. परवान्याच्या तळाशी बारीक अक्षरात अट होती: 'सदर शस्त्र कर्तव्यावरील शासकीय अधिकाऱ्याविरुद्ध वापरता येणार नाही.'

"म्हंजे राक्षसालेच मारता येत नाही?" मयुरी ओरडली.

"रजेवर असला तं खुशाल मारा. उद्यापासून त्याची रजा मंजूर हाये."

अमावास्या आजच होती. राक्षसानं तानाबाईला जेवणाच्या सुट्टीत खाल्लं, आणि जेवणाची सुट्टी रजेत धरली जात नाही. दुसऱ्या दिवशी तो रीतसर रजेवर गेला. धनुर्धाऱ्यानं बाण सोडला, फाशावर वीस पडले, राक्षस कोसळला. मयुरीनं टाळ्या वाजवल्या. प्रसेनजितनं परवाना काळजीपूर्वक प्लास्टिकच्या पाकिटात घातला. सगळं कसं नियमात झालं होतं.

प्रसेनजितचे वडील शंकरराव दर रविवारी कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर धरून बसत. बायकोचं नाव कानावर पडायचं म्हणून बसत, दुसरं काही नाही. आज ते उठून टेबलापाशी आले.

"धनुष्य कुठं होतं रे तुह्यं?"

"पाठीवर, बाबा. पहिल्यापासून."

"अन् राक्षस?"

"दहा पावलांवर."

"मंग तवाच मारला काऊन नाही?"

कुलदीपनं चष्मा काढून पुसला. "विनापरवाना, काका?"

मयुरीनं होकारार्थी मान हलवली. प्रसेनजितचीही मान आपोआप हलली.

"तुह्या मायच्या टायमालेही आपण कार्डाचीच वाट पाह्यली," शंकरराव म्हणाले आणि आत निघून गेले.

तेव्हा वाचकहो, या तिघांना हसू नका. धनुष्य पाठीवर आहे आणि राक्षस दहा पावलांवर, हे वर तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. तरी दाखल्याचं पुढे काय झालं हे बघत तुम्ही इथवर आलात, आणि तिसऱ्या रविवारी शिक्का उठला तेव्हा तुम्हालाही जरा हायसं वाटलंच होतं.