आकाशीं तेल वाढणाऱ्या पथकाची हकीकत

श्री. जो निराधारास आधार, त्या सूर्यनारायणास अर्घ्य देऊन लिहिलें ऐसीजे, शके १९३४, नंदन संवत्सर, कार्तिक मास, ते समयीं एका राज्यांत हवाई फौजेचें एक पथक होतें, त्यास लोक वाढपी पथक म्हणत. त्याची उत्पत्ति ऐसी: राज्याची सरहद्द समुद्रांत दूर गेली, आणि लढाऊ विमानें, जीं ससाण्यांसारखीं, तीं जात, परंतु परतीस तेल न पुरोन दर्यांत पडत, आणि मग विचार जाहला जे, ससाण्यानें चाऱ्यासाठीं घरीं येऊं नये, चाराच आकाशीं न्यावा. मग ओझ्याचीं थोर विमानें आणविलीं, पोटीं तेलाच्या टाक्या बसविल्या, शेपटीकडून लांब नळी सोडिली, आणि नळीचे टोकास टोपली ऐसी कीं ससाण्यानें मागून येऊन चोंच घालावी आणि प्यावें. हेंच पथक शिपाई नेई, पुरांत धान्य नेई, बर्फांत अडकलेल्यांस मीठमिरची नेई, आणि जातां जातां ससाणे पोशी. कोणावर गोळी म्हणोन झाडिली नाहीं. पहिला सरदार मोठा नेमाचा, त्यानें दंडक घातला जे, वाढणारानें हात आखडूं नये, जेवणारानें पुरे म्हटलें म्हणजे नळी ओढावी, आणि पाहुण्याचा शब्द खोटा म्हणों नये. दंडक सर्वांस गोड वाटला. त्यांत भय कोठें दडलें आहे हें कोणास दिसलें नाहीं.

ऐसें असतां कार्तिकांत दर्यावर तुफान उठलें आणि किनाऱ्याचा विमानतळ बंद जाहला, उतरणें तें डोंगरापलीकडील विमानतळींच. ते दिवशीं सरदार त्र्यंबकजी राणदिवे थोर विमानाचे पोटीं रजेवर निघालेले साठ शिपाई घेऊन बेटांकडून येत होते, आणि मागें नळीपाशीं नारोबा खैरमोडे बैसला होता. तों एक ससाणा तहानेला मागें लागला, त्यांत जानोजी काटवटे, वयानें कोंवळा, बोलका बहुत. चोंच घालोन बोलिला, "दादासाहेब, आज काय बेत? वहिनींनीं फोडणी जाळली वाटतें, वास येतो!" त्र्यंबकजी बोलिले, "मुकाट्यानें जेव, लेका. नांवें ठेवशील तर उपाशी धाडीन." आणि तेल वाहूं लागलें. परंतु समोरून वारा ऐसा कीं थोर विमानाचेंच तेल दुप्पट जळों लागलें, आणि डोंगरापलीकडील कोरडा विमानतळ अद्याप लांब, मग नारोबा घाबरा होऊन बोलिला, "सरकार, भांड्याचें बूड दिसूं लागलें. पाहुण्याचें पात्र भरावें तर आपलीं माणसें बुडतात." बोलण्याची तार खुली होती. जानोजीनें ऐकिलें. तो हळूच म्हणाला, "पुरे, दादासाहेब. पोट भरलें. निघतों." त्यांत थट्टेचा शब्द नव्हता. जो पोर आणिक मागितल्याविना कधीं उठला नाहीं, तो एका घासावर उठतो, हें त्र्यंबकजींस खटकलें. नारोबानें पुसिलें, "नळी ओढूं?" दंडक म्हणे ओढ, पोटांतील साठ जीव म्हणत ओढ. त्र्यंबकजी बोलिले, "जानबा, विमानतळ गांठशील?" "गांठीन की." "घे आईची शपथ." तों तिकडून नुसता वारा ऐकों आला. खोटें तो बोलिला, परंतु आईची खोटी शपथ त्याच्यानें घेववेना.

मग त्र्यंबकजी म्हणाले, "नारोबा, नळी राहूं दे. दंडक मोडल्याचें पाप माझे माथां. पात्र भरूं नको, घास घास दे. जानबा, चोंच काढूं नको, विमानतळाच्या वेशीपर्यंत आमच्या शेपटीसच राहा." जानोजी बोलिला, "दादासाहेब, ढगांत नळी तुटली तर तुम्हीही जाल." "तुझी अक्कल विचारली नाहीं. जेव." आणि दोन्हीं विमानें एका नळीनें बांधलेलीं ढगांत शिरलीं. काळोख ऐसा कीं नारोबास पाहुणा दिसेना, नळीचे हिसक्यावरून मात्र तो जिता आहे ऐसें कळे, आणि हिसका थांबला कीं नारोबाचा श्वास थांबे, आणि नळी सर्पासारखी उसळे, आणि विजेच्या उजेडांत जानोजीचें विमान कधीं फार दूर, कधीं अंगावर आलेंसें दिसे. त्र्यंबकजींनीं ओठांत रामरक्षा धरिली, ती मध्येंच विसरे, पुन्हा पहिल्यापासोन म्हणत. तेलाचे कांटे दोघांचेही खालीं आले. ऐसें करीत डोंगर ओलांडिले, दिवे दिसले, आणि जानोजीनें चोंच काढोन आधीं उतरावें ऐसी आज्ञा जाहली. तो उतरला. मग थोर विमान उतरलें, आणि धांवपट्टीवरच त्याचीं दोन इंजिनें तेलाविना निजलीं.

दार उघडलें, शिपाई उतरूं लागले. त्यांस कांहींच ठाऊक नव्हतें. एक जाडा हवालदार कंबर धरोन म्हणाला, "कोण हो हा डायवर? खड्डेच खड्डे! चहासुद्धां पाजला नाहीं." त्र्यंबकजी शिडीपाशीं उभे होते, ते हात जोडून बोलिले, "माफ करा, रस्ता खराब होता."

एणेंप्रमाणें वाढपी पथकाचा वृत्तांत जाहला. फत्तेच्या यादींत त्यांचें नांव नाहीं. भय होतें तितकें तिघांनीं खाल्लें, पंक्तींत वाढिलें नाहीं. देव त्यांस सुखी राखो. इति.