खाजाचाचांचा सॅटेलाइट

रानात शिरण्याआधी खाजाचाचा दाढीवरून कंगवा फिरवायचे, टोपी सरळ करायचे. तिथं माणूस सोडा, शेळीसुद्धा भेटायची नाही. पण चाचांचं म्हणणं एकच, "वरून फोटो काढून राहिलेत. खात्याची इज्जत हाय."

चाचा वनरक्षक होते, भोकरकडच्या चिंचमाळाच्या रानावर. मी त्यांच्याच खात्याच्या कार्यालयात कॉम्प्युटरवर. सॅटेलाइटचे फोटो पहिल्यांदा आले तेव्हा मीच त्यांना दाखवले होते. पायांनी तुडवलेलं अख्खं रान तळहाताएवढं बघून ते इतके हरखले की दुसऱ्या दिवसापासून लाकूडतोड्यांना दम देताना म्हणायला लागले, "वरच्याला सगळं दिसतंय!" समोरचा घाबरून हात जोडायचा, तर चाचा खुलासा करायचे, "अल्लाह न्हाई रे. त्याला तर दिसतंच. मी मशीनचं सांगून राहिलो."

एका उन्हाळ्यात भरदुपारी मोबाइलवर सॅटेलाइटकडून आगीचा इशारा आला. "कुणीतरी धसकटं पेटवली असतील," साहेब म्हणाले. बरेचदा तसंच निघायचं. चाचा मात्र मोपेडला किक मारून गेले. माळ खरंच पेटला होता. आम्ही पोचलो तेव्हा हा एकटा माणूस पळसाच्या ओल्या डहाळीनं जाळ झोडपत होता. संध्याकाळपर्यंत आग विझली. चाचांच्या दोन्ही भुवया गेल्या, निम्मं सागवान वाचलं. खोकत खोकत ते आभाळाकडे बघून ओरडले, "अर्धा घंटा आधी सांगायला काय झालतं?"

निवृत्तीच्या दिवशी गळ्यातल्या हारासकट ते माझ्या खोलीत आले. जळाल्या जागी हिरवं किती परतलं ते बघायला मी जुने-नवे फोटो शेजारी लावून बसलो होतो. फुटवा बघून चाचा हसले. मग दाराकडे नजर टाकून हळूच म्हणाले, "बाबू, लई जुना हाय का एखादा? आमच्या चौकीचा?"

मी मागं मागं गेलो. बारा वर्षांपूर्वीच्या एका फोटोत, चाचा तेव्हा राहायचे ती रानातली चौकी सापडली. पत्रा, अंगण, आणि अंगणात एक पांढरा ठिपका.

"मोठा कर."

ठिपका नुसताच फिसकटला. चाचांनी बोट काचेजवळ नेलं, टेकवलं नाही.

"कपडे वाळत घातलेत तिनं."

चाचीला जाऊन आठ वर्षं झाली होती. तो खडक असेल, चुन्याचा ढीग असेल.

"आमचा दोघांचा एकबी फोटो न्हाई, बाबू. नांदेडला जाऊन काढू म्हणायचो." त्यांनी बोट पत्र्यावर सरकवलं. "ह्याच्या खाली मी असन बघ. चहा मागून राहिलो असन."