उभ्या गाडीचा विमा

गाडीचा विमा पुन्हा भरायचा नाही, हा निर्णय मी दाढी करता करता घेतला. (माझे बहुतेक निर्णय अर्ध्या गालावर साबण असतानाच होतात. पूर्ण डोक्यानं घेतलेला एकही निर्णय बायकोला आठवत नाही.) माझा मुद्दा साधा होता. गाडी विकायला काढली होती. चार महिने ती घरामागच्या शेडमध्ये जुनी चादर पांघरून पडली होती. बॅटरी केव्हाच मेली होती. जी गाडी रस्त्यावर जातच नाही, तिला अपघात होणार तरी कसा?

"अहो, भरून टाका," बायको म्हणाली. "गिऱ्हाईक आलं की पहिलं तेच विचारेल."

"आपण गाडी विकतोय, विमा नाही," असं म्हणून मी हनुवटीकडे वळलो.

मी ऑफिसात एकवीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या चुका काढतोय. स्वतःच्या चुकांकडे बघायला त्यामुळे सवड मिळत नाही, हे कबूल करतो.

बायकोला गाडीचं काही नव्हतं, तिला शेड हवी होती. तिथे तिचा शिवणक्लास सुरू व्हायचा होता. मशिनं ठरली होती, अकरा जणींनी नावं दिली होती, एक तारीख सगळ्यांना सांगून झाली होती. इतकी वर्षं ती ओट्याशेजारी एका मशिनवर लोकांचे कपडे शिवत आली आणि माझ्याकडून "जागा झाली की बघू" ऐकत आली. आता जागा होती, पण तिच्यात माझी गाडी होती. मला त्याचं मनापासून वाईट वाटायचं. वाईट वाटलं की मी पेपर वाचायला घेतो.

एक तारखेला सहा दिवस उरले आणि गिऱ्हाईक मिळालं. दातांचे डॉक्टर. फोटो बघूनच त्यांनी गाडी पसंत केली. "रविवारी दहाला न्यायला येतो," ते फोनवर म्हणाले. "विमा चालू आहे ना?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो, आणि फोन ठेवून थेट मेव्हण्याला लावला.

मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, विम्याचा एजंट आहे. घरचाच एजंट असल्यामुळे त्याचं कोणी ऐकत नाही.

"भाऊजी, मध्ये खंड पडलाय. आता नुसते पैसे भरून भागायचं नाही. गाडी तपासावी लागेल. चारी बाजूंनी फोटो."

"मग काढ की."

"मागे भिंत हातभरावर आहे, फोटो काय भिंतीतून काढू? गाडी बाहेर घ्या."

रविवारी नऊलाच तो आला. स्वतःची गाडी त्यानं अंगणाच्या खालच्या टोकाला, फाटकाशी लावली. आमचं अंगण शेडपासून फाटकापर्यंत उताराचं आहे. हे मला माहीत होतं, पण त्या वेळी सुचलं नाही.

मी स्टिअरिंगवर बसलो. मेव्हणा आणि बायको मागच्या भिंतीशी अंग चोरून उभे राहिले आणि जोर लावू लागले. गाडी कुरकुरली आणि हळूच बाहेर आली.

"बास!" मेव्हणा ओरडला. "भाऊजी, ब्रेक!"

मी ब्रेक दाबला. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा होतो, हे ज्ञान मला तेव्हा झालं. हँडब्रेक ओढला, तो कोपरापर्यंत वर आला आणि काहीच घडलं नाही.

"बाजूला वळवा!"

"वळत नाहीये!"

"चावी लावलीय का?"

चावी माझ्या खिशात होती. उभ्या गाडीत चावी ठेवायची नाही, असा माझा नियम आहे. स्टिअरिंग कुलूपबंद होतं. हॉर्न दाबला, तोही मेलेला. शेवटी मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि तोंडानंच "पों पों" केलं. समोर मेव्हण्याची रिकामी गाडी होती. तिनं ऐकलं नाही.

मोठा आवाज झाला. मी सुखरूप होतो, पण तेवढी चौकशी कोणी केली नाही. माझ्या गाडीचं नाक आत गेलं होतं आणि एक दिवा खाली लोंबत होता.

डॉक्टर बरोबर दहाला आले. त्यांनी वाकून माझ्या गाडीच्या तोंडात बोट घातलं आणि हलवून पाहिलं.

"हे कधीपासून?"

"पाऊण तास झाला."

"आणि विमा?"

मी मेव्हण्याकडे बघितलं. "तो येण्याच्या वाटेवर आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मान हलवली. मग ते मेव्हण्याच्या गाडीभोवती फिरले. तिला फक्त एक ओरखडा आला होता. "एवढा मार खाऊन हिला काही झालं नाही? कोणाची ही?"

"माझी," मेव्हणा म्हणाला. "विमा चालू आहे. सगळा." घरच्यांशी बोलताना त्याच्या आवाजात एवढा गोडवा कधी नसतो. त्यालाही नवीन घ्यायचीच होती. दहा मिनिटांत व्यवहार ठरला. माझ्या अंगणात, माझ्या गिऱ्हाइकाला, माझ्या गाडीनं ठोकलेली गाडी विकली गेली.

आता बायकोला काय तोंड दाखवायचं? पण बायको अंगणात नव्हती. ती शेडमध्ये होती. झाडून झालं होतं, पडदा लागला होता, आणि तिचं ते एकटं मशिन ती ओढत आत आणत होती.

"अहो, दुसरं टोक धरा," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "गाडी एकदाची निघाली ना! आता ती आत येणार नाही."

इतकी खूश मी तिला फार दिवसांनी बघितली. मी दुसरं टोक धरलं. मला खरंच फार बरं वाटलं.

एक तारखेला क्लास सुरू झाला आणि तो शेडमध्ये मावेना. कापड बेतायचं ते आमच्या बैठकीत, इस्त्री जेवणाच्या टेबलावर, आणि माझ्या खुर्चीवर मापं घेण्याचं काम. मी पेपर घेऊन अंगणातल्या गाडीत बसायला लागलो. तिथे शांतता असते. सीटही चांगली आहे.

परवा मेव्हणा पुन्हा फॉर्म घेऊन आला. गाडी आता उघड्यावर असते, तेव्हा विमा हवाच, यावर या वेळी माझंही दुमत नव्हतं. त्यानं चारी बाजूंनी फोटो काढले. मी आत बसूनच होतो. मग तो एकेक रकाना भरू लागला.

"ताई, शेवटचा. गाडीच्या आत काही मौल्यवान वस्तू?"

बायको शेडच्या दारातून गाडीजवळ आली. काचेतून तिनं आत बघितलं. मी पेपर खाली करून जरा ताठ बसलो.

"नाही," ती म्हणाली.

मेव्हण्यानं तसं लिहिलं आणि फॉर्म खिडकीतून माझ्याकडे दिला. वरील सर्व माहिती खरी आहे, असं खाली छापलेलं होतं. मी सही केली.