बाजार, नावानिशी

गुरुवारी सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटांनी, विहारातल्या भंतेंनी काढून दिलेल्या मुहूर्तावर, तिकनं बटण दाबलं आणि थायलंडमधल्या फ्रे गावच्या बाजाराची वेबसाइट सुरू झाली. सव्वानऊला पहिली तक्रार दारात उभी!

"माझा गाळा कुठाय?" डुकराचं मटण विकणारे उआनकाका ओरडले.

"अकरावा बघा की, काका."

"तिथं कुणी विरापोंग घुसलाय! चाळीस वर्षं माझी जागा आहे ती."

"अहो, तुमचंच नाव ते. नगरपालिकेच्या यादीतून घेतलंय."

"असेल. पण त्या नावानं मला फक्त मास्तर मारायचे. गिऱ्हाईक कसं ओळखणार?"

बारशापासून सरणापर्यंत गावात चालतं ते घरचं नाव. कागदावरचं नाव कागदावरच राहतं. हे तिकला चांगलं ठाऊक होतं. पण वेबसाइट म्हणजे इभ्रतीचं काम, तिथं उआन म्हणजे 'जाड्या', नाहीतर 'कोळंबी' असलं कसं लिहायचं, असं तिला वाटलं होतं. बँकॉकची नोकरी सोडून तिनं हा धंदा मांडला, तेव्हा आईनं एक वर्षाची मुदत दिली होती आणि ती उद्या संपत होती. उद्याच जिल्ह्याचे साहेब वेबसाइट बघायला येणार होते. त्यांना पसंत पडली तर आणखी तीन बाजारांचं काम, नाहीतर बँकॉकला मामीच्या ऑफिसात टेबल तयारच होतं.

तिनं घाईघाईनं सगळी नावं बदलायला घेतली. बाजारात नोई नावाच्याच सात बायका निघाल्या. "तुला काय म्हणतात?" असं विचारलं, तर सातही जणी म्हणाल्या, "सुंदर नोई." मग तिनं शेजारच्या गाळ्यांवर चौकशी केली. शेजाऱ्यांनी आनंदानं माहिती पुरवली. ती तिनं स्वतःपुरती टिपून ठेवली, आणि गडबडीत तीच यादी वेबसाइटवर चढवली.

दुपारी सातही नोई एकदम आल्या. पुढे भाजीवाली होती.

"'नवरा पळालेली नोई' असं कुणी लिहिलं गं?"

"चुकलं मावशी, आत्ता काढते."

"काढू नकोस, दुरुस्त कर! पळाला नाही तो, मी हाकललाय त्याला!"

'कुरकुरी नोई' मात्र दुरुस्तीलाही तयार नव्हती. ती नुसतीच कुरकुरत उभी राहिली. संध्याकाळपर्यंत तिकचा फोन इतका वाजला, की तिनं तो बंद करून तांदळाच्या डब्यात टाकला.

शुक्रवारी ती घराबाहेरच पडली नाही. नावं सगळी सुधारली होती, पण बाजारात तोंड दाखवायची हिंमत नव्हती. ती सारखी खिडकीपाशी जात होती आणि परत येत होती. साहेब आले असतील का? फोन का करत नाहीत? फोन बंद आहे हे आठवलं तेव्हा बारा वाजून गेले होते. आता संपलंच सगळं, असं म्हणून ती रडकुंडीला आली.

एवढ्यात खनोम-जीन शेवयांचा गाळा बंद करून आई घरी आली. चेहरा नुसता फुललेला.

"तिक, साहेब आले होते. बाजारभर एका बाईला शोधत होते बिचारे. पिम्चनोक म्हणे! वेबसाइटच्या तळाशी तिचं नाव आहे. मी म्हटलं, असली कुणी इथं नाही."

धंद्याला लाभेल असं भंतेंनी सांगितलं, म्हणून तिकनंच गेल्या वर्षी कचेरीत जाऊन आपलं कागदावरचं नाव बदलून पिम्चनोक करून घेतलं होतं. आईनं ते एकदाही उच्चारलं नव्हतं.

"दोन वाट्या शेवया खाल्ल्या त्यांनी. वेबसाइट फार आवडलीय. तीन बाजारांचं काम त्या बाईलाच द्यायचं होतं. मी सोडते काय! म्हटलं, आमची तिक करेल की, आणि तिच्यापेक्षा निम्म्या पैशांत. लगेच हो म्हणाले."

"आई..."

"आता कुठं जायचं नाही बँकॉकला," आई एप्रनला हात पुसत म्हणाली. "आणि त्या पिम्चनोकची अजिबात कीव करू नकोस. धंद्यात असं चालायचंच."