विमानाचं तेल आणि आमचे नाना

आमच्या जळगावच्या कॉलनीत शेजारच्या नानांना चहा विचारायची सोय नाही. चहा उकळेस्तोवर ते कोळशापासून विमानाचं तेल करून मोकळे होतात. गुजरातेत एका प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली. हलक्या प्रतीच्या कोळशाची पूड करायची, रिफायनरीत उरलेल्या, कुणी विचारत नाही अशा तेलात ती तापवून विरघळवायची, वर हायड्रोजन द्यायचा आणि मग त्यातून विमानाचं इंधन वेगळं काढायचं. एवढं सांगून झालं की नाना मांडीवर थाप मारणार, "दोन टाकाऊ वस्तू, आणि उडतंय विमान! बोला!" काय बोलणार, कपाळ? चहा गार झालेला असतो.

गेल्या हिवाळ्यात यावलकडच्या एका मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या, वांगी टाकली, आणि नानांनी पिशवीतून डबा काढून त्याच जाळावर ठेवला. आत कोळशाची पूड आणि गॅरेजमधलं जळकं ऑइल! "विरघळतं कसं, बघा तरी." डबा कलंडला. काळा धूर उठला आणि वांग्यांना असा वास लागला की मळेवाल्या आबांनी डोक्याला हात लावला. "हाई काय करं नाना तुम्ही? बठ्ठं भरीत वाया गयं!" आम्ही कळण्याची भाकरी ठेच्याशी खाल्ली. नाना मात्र खुशाल ते भरीत चापत होते.

आणि हा माणूस जन्मात विमानात बसला नव्हता! मुलगी हैदराबादला, जळगावहून विमान जातं, तरी हे आगगाडीनेच जाणार. "आत काय भरलंय ते मला ठाऊक आहे ना," म्हणायचे.

परवा दुपारी मुलीचा फोन आला. दिवस भरले होते, डॉक्टरांनी दुसऱ्या सकाळीच ऑपरेशन ठरवलं होतं. "नाना, तुम्ही या. मला भीती वाटतेय." गाडीने वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. मीच त्यांना स्कूटरवरून विमानतळावर नेलं. वाटेत नानांनी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या बडबडीशिवाय मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

दाराशी त्यांनी माझा हात घट्ट धरला. मी म्हटलं, "नाना, जमत नसेल तर राहू द्या. जावई आहेत ना तिथे."

"हिच्या जन्माच्या वेळी हिच्या आईचाही असाच निरोप आला होता," ते म्हणाले. "तेलाचा प्रयोग चालू होता. म्हटलं, एवढा नमुना निघू दे, मग जातो. पोचलो तेव्हा पाळण्यात मुलगी होती. तिची आई नव्हती."

माझ्या हातातून त्यांनी स्वतःच हात सोडवून घेतला.

"जाऊ दे मला. दार बंद करतील," म्हणाले, आणि गेले.