भाऊकाकांची गाऱ्हाणी

परदेशी जाणारा माझा प्रत्येक अर्ज आधी मसुऱ्याच्या देवळातून जात असे. मी पुण्यात संगणकापुढे बसायची आणि माझे अविवाहित भाऊकाका तिकडे देवापुढे मोबाईल धरून उभे राहायचे. गाऱ्हाणे पुरे झाल्याशिवाय अर्ज पाठवायचा नाही, हा त्यांचा नियम.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा सदा गुरव.

"ह्या माझ्या पुतणीन पोस्टडॉकच्या फेलोशिपचो अर्ज केल्यान हा. मूत्रपिंडार संशोधन करता. त्यासाठी उंदीर मारल्यान, तो दोष तिका लावू नको."

"व्हय म्हाराजा!"

"मुदत त्यांच्या घड्याळान आसा. आपल्याकडे उद्या सकाळचे साडेपाच. गडबड नको, पण विसरू नको!"

देवाला अर्धवट सांगितले तर काम अर्धवट होते, असे काका म्हणत. म्हणून प्रकल्पाचा सारांश माझ्याकडून मराठीत लिहून घेत. एकदा सदाने मध्येच विचारले, "भाऊ, ह्यात मूतखड्यार काय औषध मिळात?"

"गप रे! देव आयकता!"

नकार आला की तोही काका देवाला कळवत. "म्हाराजा, तुजी चूक नाय. शिफारशीचां पत्र उशिरा गेलां." असे अकरा वेळा झाले. 'फेलोशिप मिळाली की येते' म्हणत मी तीन वर्षे गावी गेलेच नाही.

पीएचडीनंतर पाच वर्षांच्या आतच अर्ज करता येतो. बारावा माझा शेवटचा. त्या गाऱ्हाण्यात काकांचा आवाज खोल गेला होता. विचारले तर म्हणाले, "खोकलो आसा गो, दुसरां काय नाय." त्याच महिन्यात ते गेले. मी पोचले तेव्हा अंगणात लोक जमले होते.

तेराव्या दिवशी ईमेल आली. कळवण्यास खेद वाटतो.

आता हे देवाला सांगायला कुणी नव्हते, म्हणून दुपारी मीच देवळात गेले. सदा एकटाच झाडत होता. त्याने माझ्या तोंडाकडे बघितले आणि केरसुणी खाली ठेवली.

"नाय म्हणाले ना? भाऊन सांगान ठेवल्यान हा. शेवटचो नकार इलो तर काय गाऱ्हाणां घालूचां तां."

तो हात जोडून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! काय मिळालां नाय तरी ह्या चेडवाक आपल्या घराक येवक लाज वाटू नये, असां कर रे म्हाराजा!"

मग तो थांबला. 'व्हय' म्हणायला देवळात माझ्याशिवाय कुणी नव्हते.