खोर फक्कानमार्गे इटली

"इटलीला यायला माझी ना नाही," बेटी कोळंबी सोलता सोलता म्हणाली, "पण तिथे तू मला हरवणार नाहीस, हे आधी इथे सिद्ध करून दाखव."

फेलिक्स रुमाव डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आपल्या चिमुकल्या किचनच्या दारात लॅपटॉप हातावर घेऊन उभा होता. स्क्रीनवर दक्षिण इटली पसरली होती. ऑलिव्हच्या बागा, पांढरीशुभ्र गावं, रस्त्याच्या कडेने निळा समुद्र, आणि सायकलवर दोघंच जण. आजूबाजूला चिटपाखरू नाही. फेलिक्स भाळला होता तो या चिटपाखरू नसण्यावर. दुबईत आल्यापासून त्याची प्रत्येक सुट्टी वसईला गेली होती. कुणाचं लग्न, कुणाचा बाप्तिस्मा, कुणाचं ऑपरेशन, नाहीतर छपराची गळती. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात इतर लोक सुट्टीहून टवटवीत होऊन परतत. फेलिक्स परतला की बॉस विचारी, "बरं नव्हतं का तुला?"

"सेल्फ-गाइडेड म्हणजे काय ते समजून घे," तो म्हणाला. "गाइड नाही, ग्रुप नाही. कंपनी सायकल देते, मोबाइलमध्ये रूट देते, आपली बॅग त्यांच्या व्हॅनने पुढच्या हॉटेलात पोचवते. आपण फक्त पेडल मारायचं. आठवडाभर कुणाचं काही लागत नाही!"

"आणि रस्ता चुकला तर?"

"मी आहे ना."

"म्हणूनच विचारतेय."

शेवटी करार ठरला. एक दिवस इथेच सायकल चालवायची. वाटेत कुणाला रस्ता विचारायचा नाही, मदतीला गाडी बोलवायची नाही. जमलं तर इटली. नाही जमलं तर नेहमीप्रमाणे वसई. तिथे बेटीचा भाऊ सॅव्हियो नवं घर बांधत होता आणि मांडव घालायला जावई लागतोच. मांडवाच्या नुसत्या आठवणीने फेलिक्सची कंबर दुखली.

त्याने रंगीत तालमीची आखणी ऑफिसातल्या प्रोजेक्टसारखी केली. देशाच्या पूर्व टोकाला, दिब्ब्यापासून किनाऱ्याकिनाऱ्याने खोर फक्कान. "दिब्बा म्हणजे टूर सुरू होते ते ओत्रांतो," तो बेटीला म्हणाला, "आणि खोर फक्कान म्हणजे शेवटचं लेउका. तिथे जमीन संपते, इथे आपण संपतो." मुलगी एलिशा नुकतीच गाडी शिकली होती; ती झाली इटालियन व्हॅन. तिने बॅग घेऊन हायवेने थेट खोर फक्कानच्या हॉटेलात जायचं, वाटेत थांबायचं नाही. जड ते सगळं बॅगेत. बेटीचा मोबाइलसुद्धा बॅगेत, म्हणजे फोन करायचा मोह नको.

एवढं सगळं चोख झालं, फक्त बेटीच्या तोंडाला कुलूप घालायचं राहिलं. आखातात राहणाऱ्याने आपण कुठे निघालो हे कुणाला सांगू नये. सांगितलं की पार्सल आलंच. बेटीने ते रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात सांगितलं.

संध्याकाळी फियोना कुकर घेऊन हजर. "माझा चुलतभाऊ गॅविन अल अकाच्या हॉटेलात कुक आहे ना, त्याच्या रूमवर कुकर नाही. तुमच्या वाटेवरच आहे." मग बेटीची जुनी शिवणवाली मैमुनाबी, ती आता मुलाकडे बिदियाला राहायला गेली होती, तिच्यासाठी कुणीतरी कापडाचं गाठोडं दिलं. सगळ्यांवर कडी केली ती समोरच्या फ्लॅटमधल्या गिरिजाने. तिचा दीर दत्ताराम खोर फक्कानच्या बंदरावर कामाला होता. गिरिजाने कुंडीसकट तुळस आणून दिली.

"बेटीताई, जरा जपून हां. पाला नाजूक आहे."

"हे सगळं एलिशाच्या गाडीत टाक," फेलिक्स म्हणाला.

"गाडी वाटेत थांबणार नाही, असा तुझाच रूल आहे," बेटी शांतपणे म्हणाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जानेवारीतल्या त्या सकाळी दिब्ब्याच्या किनाऱ्यावर फेलिक्स गाडीतून उतरला तेव्हा अंगाला चिकटलेले काळे कपडे, हातमोजे आणि निमुळतं हेल्मेट असा त्याचा थाट होता.

"डॅडा, प्लीज," एलिशा इकडेतिकडे बघत म्हणाली, "डोन्ट बेंड डाउन."

त्याची भाड्याची सायकल हरणासारखी सडपातळ होती. तिला ना कॅरिअर, ना बास्केट. बेटीने मात्र पुढे बास्केट आणि मागे भक्कम कॅरिअर असलेली बाजारची सायकल पसंत केली होती. तिने कॅरिअरवर कुकर ठेवला, त्यावर गाठोडं ठेवलं, रबरी पट्ट्याने दोन फेरे देऊन गच्च आवळलं, बास्केटमध्ये तुळस बसवली आणि टांग मारून ती निघालीसुद्धा. फेलिक्स बघतच राहिला.

"हे कुठे शिकलीस?"

"कॉलेजला जाताना रोज केळीचे घड पापडी गावच्या बाजारात टाकून जायचे मी. तू कधी विचारलंस?"

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण खरंच त्याने कधी विचारलं नव्हतं.

पहिला तासभर इटलीच होती. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला उघडे तांबूस डोंगर. फेलिक्स एका हाताने हॅंडल आणि दुसऱ्या हाताने व्हिडिओ सांभाळत होता. गॅविनची रूम बेटीने बरोबर शोधली, कुकर दिला आणि दोघं सुटले. पण गॅविन धावत मागे आला. "आंटी, रिकाम्या हाताने कसं पाठवू?" त्याने हॉटेलातला केकचा मोठा खोका कुकरच्या जागी बांधला. ओझं जिथल्या तिथे राहिलं.

पुढे मोबाइलने 'निसर्गरम्य मार्ग' सुचवला. फेलिक्सने तो आनंदाने स्वीकारला. मार्ग समुद्र सोडून खजुराच्या बागांत शिरला, कच्चा झाला, दोन भिंतींमध्ये निमुळता झाला. तिथे, तीन वाटा फुटत होत्या नेमक्या त्या जागी, सकाळपासून व्हिडिओ काढून दमलेल्या मोबाइलने मान टाकली.

"चार्जर?" बेटीने विचारलं.

"बॅगेत."

फेलिक्सने छाती काढून डावी वाट धरली आणि दहा पावलांत त्याच्या पुढच्या चाकात खजुराचा काटा घुसला.

"पंक्चरचं सामान?"

"बॅगेत," फेलिक्स पुटपुटला. त्याची व्हॅन फारच कार्यक्षम निघाली होती.

दोघं चाकापाशी वाकले असताना मागून चरचर आवाज आला. एक बकरी बास्केटवर पुढचे पाय टेकून गिरिजाची तुळस मनापासून खात होती. बेटीने तिला हाकललं तोवर कुंडीत चार काड्या उरल्या होत्या.

तेवढ्यात धूळ उडवत एक पिकअप आली. बागेचा मालक फहद खाली उतरला, त्याने चाक पाहिलं, फेलिक्सचे कपडे पाहिले आणि दयेने म्हणाला, "हबीबी, खोर फक्कान? यल्ला, सायकल मागे टाक."

फेलिक्सच्या डोळ्यांसमोर एका बाजूला मऊ सीट आली आणि दुसऱ्या बाजूला सॅव्हियोचा मांडव. "शुक्रन," तो कसाबसा म्हणाला, "आम्ही इटलीला चाललोय." फहदने त्याला पिण्याच्या पाण्याची बाटली दिली, आणि विचार करून आणखी एक दिली.

गाडी गेल्यावर फेलिक्स भिंतीला टेकून बसला. "खलास. आता विचारल्याशिवाय रस्ता कळणार नाही. मांडवाला किती बांबू लागतील ते कळव सॅव्हियोला."

"कशाला विचारायचं?" बेटी म्हणाली. "गाठोडं आणतेय म्हटल्यावर मैमुनाबीने मला फोनवर घर सांगितलंय. तीन वाटांपैकी जिथे गुरांचा वास येईल ती धरायची. पुढे तुटकी पाण्याची टाकी. टाकीवरून मशिदीचा मिनार दिसला की निळं दार."

बेटीने हवेत नाक वर केलं आणि उजवी वाट धरली. फेलिक्स आपली हरणी खांद्यावर घेऊन मागून चालू लागला. टाकी आली, मिनार आला, निळं दार आलं. ज्या मोबाइलने त्याला भिंतीत नेऊन घातलं, त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोच्या डोक्यातली पार्सलं जास्त शहाणी होती. ती पुढे सायकलवर ताठ बसून चालली होती, पदर नसताना पदर खोचल्यासारखी, आणि फेलिक्सला ती पहिल्यांदाच बघावी तशी दिसत होती. बायको भारी आहे आपली, असं त्याने मनात म्हटलं आणि मग मोठ्यानेही म्हटलं. बेटीला ऐकू आलं, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

"आलीस गं पोरी!" मैमुनाबी दारातच होती. "आणि यांना काय झालं? पडले का?"

"नाही, त्यांचे कपडेच तसे आहेत."

चहा झाला, मग माशाचं कालवण आणि भात झाला. मैमुनाबीच्या मुलाने कुणी न सांगता पंक्चर काढलं. निघताना तिने फियोनासाठी सुके बांगडे, गिरिजासाठी लिंबं आणि 'पोरीसाठी' लोणच्याची बरणी बांधून दिली. बेटीच्या कॅरिअरवर जागा उरली नाही. फेलिक्सने बांगड्यांची पिशवी स्वतःच्या गळ्यात अडकवली.

"थेट पुढे जा, समुद्र लागला की उजवीकडे वळा," मैमुनाबी ओरडली.

"मी विचारलं नव्हतं!" फेलिक्स घाईघाईने बेटीला म्हणाला.

खोर फक्कानच्या हॉटेलसमोर उन्हं कलताना दोघं पोचले. एलिशा आणि दत्ताराम वाट बघत उभे होते. दत्ताराम ड्युटी संपवून, अंघोळ करून, भांग पाडून आला होता. कुणी पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस आवरतो तसा. फेलिक्सला त्याच्याकडे पाहवेना. त्याने कुंडी पुढे केली.

"दत्ताराम, सॉरी रे. वाटेत बकरीने..."

दत्तारामने कुंडी दोन्ही हातांत घेतली. काड्यांकडे पाहिलं. मग बोटाने माती उकरून नाकाशी धरली.

"माती वहिनीन घरसून हाडलेली, तीच मां ही?"

"हो. गावच्या अंगणातली, म्हणाली गिरिजा."

"मगे पालो येतलो," दत्ताराम म्हणाला आणि कुंडी छातीशी धरून हसला.

फेलिक्सने गळ्यातली बांगड्यांची पिशवी उगाचच सारखी केली.

हॉटेलच्या पायरीवर बसून त्याने गुन्हे कबूल केले. "तीन ठिकाणी लोकांनी मदत केली. मी नापास, बेटी. आपण वसईला जाऊ."

"रस्ता विचारलास का? नाही. गाडी बोलावलीस का? आलेलीसुद्धा परत पाठवलीस. पास!" बेटी म्हणाली. "इटलीला जायचं."

इतक्या सहज? फेलिक्सला शंका यायला हवी होती. एलिशाने बॅगेतून आईचा मोबाइल काढून दिला.

"मम्मा, यू टोल्ड देम अबाउट इटली टू? युवर चर्च ग्रुप हॅज गॉन क्रेझी."

बेटीने चष्मा लावला. "ओत्रांतोच्या कॉन्व्हेंटमध्ये आपल्या वसईतल्या गासची सिस्टर आहे, तिला बाटलीचा मसाला. लेच्चेला फियोनाची मावसबहीण म्हाताऱ्यांना सांभाळते, तिला आपले तळलेले फुगे. लेउकाजवळ नंदाखालचे एक फादर आहेत, त्यांना..." ती थांबली. तिने नवऱ्याकडे चोरून पाहिलं. "मी अजून हो म्हटलं नाहीय, फेलिक्स. तुला कुणी नको होतं ना तिथे?"

समोर दत्ताराम फूटपाथवरून चालला होता. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला तो थांबवून कुंडीतल्या काड्या दाखवत होता.

"एलिशा," फेलिक्स म्हणाला, "त्या इटालियन कंपनीला आत्ताच्या आत्ता मेल टाक. मम्माच्या सायकलला कॅरिअर आणि बास्केट पाहिजे म्हणावं."

"ओके. अँड यू, डॅडा? सेम रेसिंग बाइक?"

"मला दोन बास्केट," फेलिक्स म्हणाला. "आणि विचार, वाटेत बकऱ्या आहेत का?"